दातांचा रंग आणि माहेरचं पाणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या शाळेत प्रार्थना झाली की मुलांची नखं आणि दात तपासले जात. त्या रांगेत उभे राहिलेले बरेच जण आज या सभागृहात आहेत. अशी तपासणी आजही अनेक शाळांत होते आणि ती व्हायलाच हवी. पण त्या रांगेत एक प्रश्न ठरलेला असतो. मुलाचे दात पिवळे किंवा तपकिरी दिसले की लगेच विचारलं जातं, ‘दात घासत नाहीस का रे?’ आणि मूल मान खाली घालतं. मी आयुष्यभर दंतवैद्यक केलं, शिकवलं. आजचा सगळा वेळ मी या एका प्रश्नाला देणार आहे. हा प्रश्न योग्य कधी असतो? अन्यायाचा कधी होतो? आणि त्या मुलाला विचारणं अन्यायाचं असेल, तर मग तो विचारायचा कुणाला?

आधी दातांचा मूळ रंग कोणता ते पाहू. दाताचं वरचं कवच, ज्याला आम्ही इनॅमल म्हणतो, ते शरीरातलं सर्वांत कठीण द्रव्य. वजनाने त्यात जवळजवळ ९६ टक्के खनिज असतं. पण हे कवच अर्धपारदर्शक आहे. त्याच्या आतला डेंटिनचा थर पिवळसर असतो आणि आपल्याला दिसणारा रंग बराचसा त्या आतल्या थराचा असतो. म्हणजे निरोगी दाताची छटा थोडी पिवळीच. वय वाढतं तसं कवच झिजून पातळ होतं, आतला थर जाड होतो आणि दात गडद दिसू लागतात. साठीतल्या माणसाचे दात विशीतल्यासारखे दिसत नाहीत, यात आजार काही नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाचे दुधाचे दात पडतात, नवे येतात आणि आई धावत येते, ‘डॉक्टर, नवे दात पिवळेच आले हो!’ दुधाचे दात अधिक पांढरे असतात, त्यांच्या शेजारी कायमचा दात पिवळा दिसतोच. त्या आईला धीर द्यावा आणि घरी पाठवावं. जाहिरातीतला पांढरा रंग डोळ्यांसमोर ठेवून आपण आपल्या मुलांचे दात मोजू लागलो, तर चांगल्या दातांनाही आपण रोगी ठरवू.

आता डागांकडे येतो. डाग दोन तऱ्हांचे. एक बाहेरून बसलेला, दुसरा आतून आलेला. आजच्या व्याख्यानातलं एवढं एकच जरी तुमच्या लक्षात राहिलं, तरी मला पुरे आहे. बाहेरचा डाग निघतो. आतला डाग घासून निघत नाही. कितीही घासा, कशानेही घासा, निघत नाही.

बाहेरचे डाग आपल्या ओळखीचे आहेत. दात स्वच्छ केल्यावर काही मिनिटांतच त्यांच्यावर लाळेतल्या प्रथिनांचा एक अतिशय पातळ पापुद्रा चढतो. चहातलं टॅनिन या पापुद्र्याला चिकटतं आणि तपकिरी छटा येते. आपल्याकडे चहात दूध घालतात, हे दातांच्या पथ्यावर पडलं आहे. दुधातलं केसिन टॅनिनला आधीच बांधून घेतं, म्हणून कोऱ्या चहापेक्षा दुधाच्या चहाचे डाग कमी. पानातल्या काताचा लालसर-काळा थर, बिडी-सिगारेटचा डांबरासारखा थर, आणि दीर्घकाळ क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या केल्या तर येणारा तपकिरी थर, हे सगळे बाहेरचेच. काही मुलांच्या हिरड्यांच्या कडेने काळी बारीक रेघ दिसते. ती विशिष्ट जिवाणूंमुळे येते. गंमत अशी, की या मुलांच्या दातांना कीड कमी लागलेली आढळते. म्हणजे दिसायला काळे, प्रकृतीने बरे!

काळ्या दातांची गोष्ट निघालीच आहे, तर थोडं थांबतो. आपल्याच महाराष्ट्रात काही पिढ्यांपूर्वी बायका दात मुद्दाम काळे करत. दातवण लावत. काळे दात हे सौभाग्याचं आणि सौंदर्याचं लेणं मानलं जाई. जपानमध्येही ही चाल होती. तिथे सरकारने १८७० मध्ये उमरावांच्या घराण्यांना ती बंद करायला सांगितली. दातवणात काय असे? हिरडा, मायफळ यांसारखी तुरट द्रव्यं आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी लिहायची शाईही याच रसायनाने होत असे. ही माहिती आजही उपयोगाची आहे, ती अशी. रक्त कमी असलेल्या मुलांना आपण लोहाचं पातळ औषध देतो. त्याने दात काळसर होतात. आजी म्हणते, ‘औषधाने दात किडले’, आणि औषध बंद होतं. माझी हात जोडून विनंती आहे, ते बंद करू नका. औषध जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, वरून पाणी पाजा, नंतर ब्रश करा. तो डाग बाहेरचा आहे, दवाखान्यात सहज निघतो. अंगातलं रक्त मात्र कमी राहिलं तर मुलाचं फार मोठं नुकसान होतं.

मशेरीबद्दल मला वेगळं बोलायचं आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांना चोळायची. दात घासायला म्हणून ती हातात येते, मग दुपारी लागते, संध्याकाळी लागते, झोपताना लागते. दात साफ करण्याचं निमित्त राहतं आणि निकोटिन आपलं काम करतं. केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला बंदी घातली. पण चुलीवर भाजलेल्या मशेरीला कोणती बंदी अडवणार? गरोदरपणात मशेरी लावणाऱ्या बायकांची बाळं कमी वजनाची जन्मतात, हे आम्हाला ठाऊक आहे. ज्या बाईच्या दातांवर मशेरीचा काळा थर आहे, तिला मी दात चकचकीत करून देऊ शकतो, आणि महिन्याभरात ती पुन्हा तशीच येईल. तिला मशेरी सोडवायला मदत करणं हा तिचा खरा इलाज.

बाहेरचे डाग काढायला लोक काय काय वापरतात! राखुंडी, विटेची भुकटी, जाडं मीठ, आता बाजारात आलेली कोळशाची पूड. या सगळ्या खरखरीत वस्तू कवच घासतात. पहिले काही दिवस दात उजळ वाटतात. पुढे कवच पातळ होतं आणि आतला पिवळा थर अधिक दिसू लागतो. म्हणजे पिवळेपणा घालवण्यासाठी घासलं आणि दात जास्त पिवळे झाले. त्यात थंड-गरम लागायला लागतं ते वेगळंच. कीटण साचलं असेल तर दवाखान्यात जाऊन काढून घ्या. ‘क्लिनिंग केलं की दात हलतात’ ही समजूत गावागावात आहे. दात हलतात ते कीटणाखाली हाड झिजल्याने. कीटण काढल्यावर ते उघडं पडतं, इतकंच.

आता आतल्या डागांकडे.

समोरचा एकच दात राखाडी किंवा काळपट झालेला असेल, तर त्या माणसाला विचारा, लहानपणी कधी पडला होतात का? मार लागून दाताच्या आतली नस मरते, तिथलं रक्त साकळतं आणि त्याचे घटक आतल्या थरात झिरपतात. अशा दाताचं रूट कॅनाल करता येतं आणि तो आतून उजळवताही येतो. एखाद्याच कायमच्या दातावर खडबडीत तपकिरी खड्डा असेल, तर बहुतेकदा त्याच्या वरचा दुधाचा दात सडून पू झालेला असतो. म्हणून ‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ असं म्हणून कीड तशीच ठेवू नये.

मग औषधांचे डाग. १९४८ मध्ये ऑरिओमायसिन नावाचं औषध आलं, टेट्रासायक्लिन वर्गातलं पहिलं. ते ज्या अमेरिकन कंपनीत निघालं तिथे संशोधनाची धुरा आपल्या भीमावरमला जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. या औषधांनी असंख्य जीव वाचवले आणि ते मी कृतज्ञतेने सांगतो. पण टेट्रासायक्लिनला कॅल्शियम फार प्रिय. दात घडत असताना ते औषध पोटात गेलं की घडणाऱ्या दातात बसून राहतं. दात उगवतो तेव्हा पिवळा असतो आणि उजेडाने हळूहळू करडा-तपकिरी होत जातो, म्हणून समोरचे दात सर्वांत गडद. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे लक्षात आलं. आता गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना आम्ही ते टाळतो. पण हे कळेपर्यंत आणि कळलेलं गावच्या दुकानापर्यंत पोचेपर्यंत एक अख्खी पिढी मोठी झाली. आज पन्नाशी-साठीत असलेल्या अनेकांच्या दातांवर करडे आडवे पट्टे आहेत. त्यांनी आयुष्यभर तोंडावर हात ठेवून हसण्याची सवय लावून घेतली. त्यांचा दोष काय? ताप आला होता आणि आईने औषध पाजलं होतं, एवढाच.

आठ वर्षं का? कारण दाताचं कवच एकदाच घडतं. दुधाच्या दातांचं काम आईच्या पोटात चौथ्या महिन्याच्या सुमाराला सुरू होतं. कायमच्या दातांचं काम जन्माच्या वेळी सुरू होऊन, अक्कलदाढा सोडल्या तर, साधारण आठव्या वर्षी संपतं. हाड आयुष्यभर मोडतं-जोडतं राहतं, कवच तसं करत नाही. त्या काळात शरीरात जे आलं, त्याची नोंद कवचात राहते. आणि त्या काळात मुलाच्या शरीरात सर्वांत जास्त काय जातं? पाणी.

आता मी मुख्य विषयावर आलो.

अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. १९०१ मध्ये फ्रेडरिक मकाय नावाचा तरुण दंतवैद्य तिथे दवाखाना टाकायला गेला आणि पाहतो तो काय, तिथे जन्मलेल्या माणसांच्या दातांवर चॉकलेटी डाग. गावकऱ्यांची कारणं ठरलेली होती. कुणी म्हणे डुकराचं मांस जास्त खातात, कुणी म्हणे दूध वाईट आहे. पुस्तकांत याचं नाव नव्हतं. मकायने त्या काळच्या सर्वांत मोठ्या दंतवैद्याला, जी. व्ही. ब्लॅक यांना, पत्रं लिहून लिहून १९०९ मध्ये तिथे आणलं. दोघांना दोन गोष्टी कळल्या. एक, डाग ज्यांचे दात घडून झाले आहेत अशा नवागतांना येत नाहीत. दुसरी, डागाळलेल्या दातांना कीड कमी लागते. १९२३ मध्ये आयडाहो राज्यातल्या ओकली गावच्या आयांनी मकायला सांगितलं, दूरच्या गरम झऱ्यावरून नळ आणला तेव्हापासून मुलांचे दात असे यायला लागले. मकायने पाणी तपासलं, त्यात काही सापडलं नाही. तरीही त्याने सल्ला दिला, हा नळ सोडा, दुसरा झरा घ्या. गावाने ऐकलं. काही वर्षांत तिथल्या लहान मुलांना स्वच्छ दात आले! कारणाचं नाव माहीत नव्हतं, पण आयांचं म्हणणं खरं मानलं आणि मुलं वाचली. पुढे १९३१ मध्ये ॲल्युमिनियम कंपनीतला रसायनज्ञ एच. व्ही. चर्चिल याने नव्या पद्धतीने पाणी तपासलं तेव्हा गुन्हेगार सापडला, फ्लोराइड.

आपल्या देशात हे दुखणं पहिल्यांदा नोंदलं गेलं ते १९३७ मध्ये, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात. आणि महाराष्ट्रात? आपल्या बहुतेक भूभागाखाली काळा बेसाल्ट आहे, त्यात फ्लोराइड सहसा कमी. पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा पूर्वेकडच्या जिल्ह्यांत काही ठिकाणी जुना ग्रॅनाइट आणि नाइस लागतो. अशा खडकातल्या खनिजांत फ्लोराइड असतं. पाणी जितकं खोल, खडकात जितकं जास्त काळ मुरलेलं, जितकं अल्कधर्मी आणि कॅल्शियम कमी असलेलं, तितकं फ्लोराइड जास्त विरघळतं. उथळ विहिरीचं, पावसाने भरणारं पाणी बहुधा सुरक्षित, खोल बोअरचं पाणी संशयाचं.

इथे इतिहासाची एक दुखरी बाजू आहे. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या. लोक डबक्यातलं पाणी प्यायले, हगवणीने मुलं दगावली. तेव्हा बोअर आणि हापशी हे वरदान होतं. सोलापूरला ऑस्कर कार्लसन या स्वीडिश अभियंत्याने घडवलेल्या मजबूत पंपावरून पुढे ‘इंडिया मार्क टू’ हापसा तयार झाला आणि तो जगभर गेला. त्या हापशाने किती जीव वाचवले याची मोजदाद नाही. ते बोअर घेणाऱ्यांना मी दोष देणार नाही, देताच येणार नाही. पण जंतू नसलेलं पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, असं आपण धरून चाललो. ते दिसायला स्वच्छ होतं, चवीला बरं होतं, वास नव्हता. फ्लोराइडला ना रंग, ना वास, ना चव. ते पहिल्यांदा दिसलं ते मुलांच्या दातांवर, आणि आपण मुलांनाच रागावलो.

फ्लोराइडचा डाग ओळखायचा कसा? तो एका दातावर नसतो. डाव्या-उजव्या बाजूंना सारखा असतो, कारण ते दात एकाच वेळी घडलेले असतात. आधी खडूसारखे पांढरट आडवे पट्टे, मग त्यात पिवळा, तपकिरी रंग, फार जास्त असेल तर खड्डे. दुधाच्या दातांवर कमी, कायमच्या दातांवर जास्त. आणि एका गावातल्या अनेक मुलांना सारखाच. अशा गावात गेलात तर एक गोष्ट तुम्हाला दिसेल. गावातच जन्मलेल्या लेकींचे दात डागाळलेले आणि बाहेरून आलेल्या सुनांचे स्वच्छ. सून आली तेव्हा तिचे दात घडून झाले होते. तिने माहेरचं पाणी दातांत आणलं. लेक मात्र दुसऱ्या गावी सून म्हणून जायला निघते, तेव्हा तिच्या दातांकडे बघून पाहुणे परत जातात. मी तुम्हाला विचारतो, यात त्या मुलीने काय केलं? ती जिथे जन्मली तिथलं पाणी प्यायली. त्या पाहुण्यांना कुणीतरी सांगायला हवं, की हा आजार संसर्गाचा नाही, रक्तातून पुढे जात नाही, आणि तिची मुलं चांगलं पाणी प्यायली तर त्यांचे दात स्वच्छ येतील.

आणि सुनेने निर्धास्त राहावं असंही नाही. दात वाचले तरी हाडं वाचत नाहीत. वर्षानुवर्षं असं पाणी प्यायल्यावर सांधे आखडतात, मान वळत नाही, पाठीचा कणा ताठ होतो. मुलाचे डागाळलेले दात हा गावाला मिळालेला पहिला इशारा असतो. म्हणून मी म्हणतो, शाळेतल्या रांगेत दहा मुलांचे दात सारखे तपकिरी दिसले, तर ‘दात घासत नाहीस का?’ हा प्रश्न मुलांना विचारू नका. तो गावच्या पाण्याला विचारा.

एक गैरसमज इथेच दूर करतो. हे ऐकून कुणी म्हणेल, फ्लोराइडची टूथपेस्ट फेकून द्या. नका फेकू. मकाय-ब्लॅक यांनी पाहिलेली ती दुसरी गोष्ट खरी होती. फ्लोराइड योग्य प्रमाणात दाताला किडीपासून वाचवतं. त्यावरूनच १९४५ मध्ये अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते मुद्दाम थोडं घालायला सुरुवात झाली. पेस्ट दातांना लावून थुंकायची असते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढच्या मुलाला वाटाण्याएवढी, आणि गिळू नये म्हणून मोठ्या माणसाने जवळ उभं राहायचं. एवढं पुरे.

पाण्यासाठी आपलं भारतीय मानक सांगतं, लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालेल. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त निघालं तर काय करायचं? उकळू नका. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने १९७० च्या दशकात नलगोंडा पद्धत विकसित केली. पाण्यात ठरावीक प्रमाणात चुना आणि तुरटी घालायची, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी घ्यायचं. ॲल्युमिनाच्या गाळण्या आहेत, आरओ यंत्रं आहेत. पण यंत्रं बंद पडतात, गाळण्या बदलल्या जात नाहीत आणि गाव पुन्हा हापशीकडे वळतं. माझं मत स्पष्ट आहे. जिथे जिथे शक्य आहे तिथे पिण्यासाठी दुसरा, सुरक्षित स्रोत शोधावा. जुन्या विहिरीतला गाळ काढावा, तिचं पाणी तपासावं, निर्जंतुक करावं, पावसाचं पाणी मुरवावं. वाईट बोअरला लाल रंग द्यावा, त्याचं पाणी धुण्या-भांड्याला वापरावं, पिण्याला वापरू नये. मुलांना दूध, आवळा, पालेभाज्या द्याव्यात. कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व पोटात असेल तर फ्लोराइडचा त्रास काहीसा कमी होतो. पाणी बदलण्याऐवजी आवळा, असं मात्र समजू नका.

ज्यांचे दात आधीच डागाळले आहेत त्यांच्यासाठीही उपाय आहेत. घरी घासून न निघणारे सौम्य डाग दवाखान्यात वरचा अगदी पातळ थर काढून कमी करता येतात, काहींना ब्लीचिंग, काहींना दाताच्या रंगाचं कंपोझिट किंवा व्हिनियर. खर्च सारखा नसतो, म्हणून सरकारी दंत महाविद्यालयात आधी दाखवा. आणि लग्नाच्या आठवडाभर आधी येऊ नका, काही महिने आधी या.

आता शेवटचं आणि कामाचं बोलतो. या सभागृहात शिक्षक आहेत, सरपंच आहेत, आशा सेविका आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. पाण्याचे नमुने घेणं हे त्याचं कामच आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात आहेत. पुढच्या ग्रामसभेत उठून एक प्रश्न विचारा: आपल्या गावातल्या प्रत्येक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड किती आहे, आणि ते शेवटचं कधी तपासलं? उत्तर मिळालं नाही, तर ठरावात लिहून घ्या. शिक्षकांनो, तुमच्या शाळेतल्या पहिली ते सातवीच्या मुलांचे दात बघा, सारखे डाग असलेल्यांची यादी करा आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन द्या. शाळेच्या हापशीचा नमुना उद्याच बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवा.